दोन जिवांचा प्रश्न

अहिंसा हा आपल्या आचारधर्माचा पाया आहे, हे या त्रैमासिकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. पाणी गाळून घ्यावे, पाऊल पाहून टाकावे, झाडाचे पानही विनाकारण तोडू नये, अशा सूक्ष्म विधींत ज्यांचे आयुष्य गेले त्या साधकांपुढे गर्भपाताचा विषय निघाला, की उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार असते. 'ती हिंसा आहे' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते पुरे आहे काय, याचा विचार करण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. आणि त्या प्रसंगी दोष लेखकाचाच असल्यामुळे तो आधी सांगून मग विषयाकडे वळणे योग्य होईल.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या दिवसांत एका गावी निरूपण चालू होते. निरूपण आटोपल्यावर एक वृद्ध वासनिक माउली मागे थांबली. दंडवत घालून म्हणाली, "बाबा, सून तिसऱ्या महिन्यात आहे. लहानपणी तिला सांधे धरणारा ताप येऊन गेला, त्यात काळजाची झडप आवळली. डॉक्टर म्हणतात, दिवस भरेपर्यंत ही टिकायची नाही, आताच मोकळी करा. पहिली मुलगी चार वर्षांची आहे. आम्ही काय करावे?" मी उभ्या उभ्याच म्हणालो, "आई, अहिंसा हे आपले व्रत. पुढचे देवाच्या हाती." ती काही बोलली नाही. पुन्हा दंडवत घालून गेली.

त्यानंतर वर्षभर ती निरूपणास आली नाही. पुढच्या वर्षी आली ती दाराशीच बसली. सर्व मंडळी उठून गेल्यावर म्हणाली, "सुनेला मोकळी केली, बाबा. ती जगली. नात शाळेत जाते. पाप मी माझ्या पदरात घेतले आहे, तिला काही बोलू नका. मला प्रायश्चित्त सांगा." तिला काय सांगावे हे मला त्या क्षणी सुचले नाही. 'उद्या ये' म्हणालो. त्या रात्री जो विचार सुरू झाला तो पुढे अनेक महिने चालला. त्याचेच हे टाचण आहे.

जीव आणि व्यक्ती

पहिला प्रश्न असा, की गर्भ हा 'कोणी' आहे, की नुसते 'काही' आहे? पाश्चात्य विचारवंतांनी या ठिकाणी 'व्यक्ती'ची व्याख्या करण्याचा पुष्कळ खटाटोप केला आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १७ व्या शतकाच्या अखेरीस असे मांडले, की जो विचार करतो आणि 'काल होतो तोच मी आज आहे' असे स्वतःस ओळखतो, ती व्यक्ती. त्याच धाग्याने पुढे जाऊन १९७३ मध्ये मेरी अ‍ॅन वॉरन या अमेरिकी विदुषीने जाणीव, तर्क, स्वयंप्रेरणा, संवाद आणि आत्मभान अशी लक्षणे सांगितली व गर्भाच्या ठायी ती नसल्यामुळे तो व्यक्ती नव्हे असा निष्कर्ष काढला. या मतावर तत्काळ येणारी अडचण उघड आहे. नवजात अर्भकाच्या ठायीही ही लक्षणे नाहीत. त्याला मारण्यास मात्र कोणी सुज्ञ मनुष्य संमती देणार नाही.

आपल्या भाषेतील शब्दच येथे अधिक उपयोगी पडतो. 'व्यक्ती' म्हणजे व्यक्त होणे, प्रकट होणे. जे प्रकट होते ते प्रकट होण्यापूर्वी कोठे तरी असले पाहिजे. आपल्या शास्त्राने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य मानले. त्यांतील जीव हा अनादी आहे. तो पिंडामुळे उत्पन्न होत नाही, पिंडाच्या योगे व्यक्त होतो. जीव आणि पिंड यांचा हा भेद आपल्या परंपरेच्या मुळाशीच आहे. स्वामींनी भडोच येथे पतित देहाचा स्वीकार केला ही कथा तो भेद मानल्यावाचून समजणारच नाही.

आयुर्वेदाच्या आचार्यांनीही असाच विवेक केलेला दिसतो. चरकाच्या मते शुक्रशोणिताचा संयोग होतो तेव्हाच जीव गर्भाशयात अवतरतो. सुश्रुत म्हणतो, चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होते आणि त्याबरोबर चेतना व्यक्त होते. त्या काळी स्त्री दोन हृदयांची होते, म्हणून तिला 'दौहृदिनी' म्हणावे. आपल्या मराठीतील 'डोहाळे' हा शब्द याच कल्पनेपासून आलेला मानतात. डोहाळे पुरवावेत असे आपल्या घरांतून सांगतात त्याच्या मुळाशी हीच जाणीव आहे, की मागणारी आता एकटी नाही. एकाने प्रवेशाचा काळ सांगितला, दुसऱ्याने प्रकटीकरणाचा. दोघांत विरोध नाही. आणि शास्त्र न वाचलेली आपली खेड्यातील बाईसुद्धा गर्भिणीस 'दोन जिवांची' म्हणते.

शंका : जीव जर नित्य आहे, तर गर्भपाताने त्याचे काय बिघडले? तो दुसरा देह धरील.

समाधान : हा युक्तिवाद मान्य केला, तर रस्त्यावरच्या माणसाचा खून करणाऱ्यासही तो लागू होईल. हिंसा म्हणजे जिवाचा नाश नव्हे; तो तर कोणासच करता येत नाही. जिवाचा त्याच्या देहाशी असलेला योग तोडणे, त्यातही ज्ञानाला आणि मोक्षाला पात्र असा मनुष्यदेह त्याच्याकडून हिरावून घेणे, ही हिंसा होय. म्हणून 'गर्भ म्हणजे नुसता मांसाचा गोळा' असे म्हणून स्वतःची समजूत घालण्याची सोय आपल्याला नाही. त्या माउलीनेही तशी समजूत घातली नव्हती. तिने 'पाप' हा शब्द वापरला होता.

गर्भ हा आततायी आहे काय?

मग दुसरी वाट आत्मरक्षणाची. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी अंगावर आलेल्याचा प्रतिकार करण्यास धर्मशास्त्रांनी मुभा दिली आहे. आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन आलेला, धन, शेत व स्त्री यांचे हरण करणारा असे सहा आततायी स्मृतिकारांनी मोजले. अशास मारणाऱ्यास दोष नाही असे त्यांचे मत. या मताची आणि आपल्या संन्यासधर्माची संगती लागत नाही, हे खरे; गृहस्थांच्या व्यवहारापुरतेच ते येथे घेऊ. या सहांच्या यादीत गर्भाला कोठे बसवणार? त्याच्या हातात शस्त्र नाही, मनात द्वेष नाही, आणि तो आला तोही स्वतःच्या इच्छेने आलेला नाही.

कायद्याने याहून एक पाऊल पुढे टाकले आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने असे ठरवले होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ते कायम ठेवले आहे, की वेडाच्या भरात कोणी अंगावर धावून आला तर तो गुन्हेगार नसला, तरी त्याच्यापासून स्वतःला वाचवण्याचा अधिकार पुरता राहतो. म्हणजे हल्लेखोर निर्दोष असू शकतो. तेव्हा कोणी म्हणेल, गर्भ असाच एक निर्दोष हल्लेखोर आहे. परंतु वेडा निदान काही कृती करतो, काठी उगारतो, गळा धरतो. गर्भ काहीच करत नाही. तो फक्त असतो आणि वाढतो. असण्यालाच हल्ला म्हटले, तर हल्ला या शब्दास अर्थ उरत नाही.

या मुद्द्यावर सर्वांत बारकाईने विचार कोणी केला असेल तर तो यहुदी धर्मशास्त्रज्ञांनी. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या त्यांच्या 'मिश्ना' ग्रंथात असा निर्णय आहे, की बाळंतीण अडली आणि तिच्या जिवावर बेतले तर गर्भाचे तुकडे करून तो काढावा, कारण तिचा जीव आधीचा आहे. परंतु बाळाचा बराचसा भाग बाहेर आला असेल तर त्याला हात लावू नये, कारण एका जिवासाठी दुसरा जीव टाकता येत नाही. त्यावर पुढील पंडितांनी शंका घेतली, की बाळ बाहेर आले तरी ते आईच्या जिवावर उठलेलेच आहे ना, मग त्याला पाठलाग करणारा हल्लेखोर का मानू नये? उत्तर असे देण्यात आले, की तिचा पाठलाग बाळ करत नाही, तो आकाशातून होतो आहे. म्हणजे ते दैवी संकट आहे, कोणाचा अपराध नाही. पुढे १२ व्या शतकात मैमोनिडीस या आचार्याने मात्र पोटातील गर्भाला पाठलाग करणाऱ्यासारखा मानूनच आईला वाचवण्याचे समर्थन केले, आणि त्या दोन वचनांचा मेळ कसा घालावा यावर त्यांच्यात शतकानुशतके वाद झाला.

मला त्यातील पहिले उत्तर अधिक खरे वाटते. त्या सुनेच्या बाबतीत गर्भ तिच्यावर उठला नव्हता. दिवस गेल्यावर स्त्रीच्या शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते. निरोगी काळीज ते पेलते, आवळलेल्या झडपेस ते पेलवत नाही. दोष असलाच तर जुन्या तापाचा, आणि तो ताप वेळीच बरा करणारे औषध न मिळण्याचा. म्हणून गर्भाला शत्रू ठरवून त्याच्या वधाचे समर्थन करणे हेही असत्यच होय. तो कोणी नाही असे म्हणणे खोटे आणि तो वैरी आहे असे म्हणणेही खोटे. ही दोन्ही असत्ये टाकल्यावर जे उरते त्यातूनच निर्णय केला पाहिजे.

दोन्ही जीव जात असताना

आपल्या स्वामींच्याच शतकात, म्हणजे १३ व्या शतकात, थॉमस अ‍ॅक्वायनस या ख्रिस्ती आचार्याने आत्मरक्षणाच्या संदर्भात असा विवेक केला, की एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात. एक हेतूतला आणि एक हेतूबाहेरचा. स्वतःचे रक्षण हा हेतू, समोरच्याचा मृत्यू हा हेतूबाहेरचा. आणि कृतीचा धर्माधर्म हेतूने ठरतो, मात्र गरजेपेक्षा अधिक बळ वापरता कामा नये. या विवेकाचा दुरुपयोग होऊ शकतो, कारण 'माझा हेतू तो नव्हता' हे म्हणणे फार सोपे आहे. त्याच आचार्याच्या परंपरेतील पुष्कळ पंडितांनी तो गर्भपातास लागू करण्यास नकारही दिला आहे. परंतु हेतू पारखण्याची एक साधी कसोटी आहे. गर्भ कसाही करून जगवता आला असता तर करणाऱ्याला आनंद झाला असता काय? त्या सासूला झाला असता. तिला नातवंड नको नव्हते. सून हवी होती.

सुश्रुताने मूढगर्भाची चिकित्सा सांगताना जिवंत गर्भावर शस्त्र चालवू नये असे बजावले आहे, आणि कारण असे दिले आहे, की त्याने आई व मूल दोघांचाही घात होतो. हे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच्या डोळ्यांपुढे दोन्ही जीव आहेत. त्या काळी शस्त्र न चालवण्यात दोघांचे रक्षण होते. ज्या ठिकाणी काहीच न करण्याने दोघांचा घात होतो, त्या ठिकाणी त्याच कारणाने निर्णय उलटा होईल.

हा केवळ तर्क नाही. आयर्लंड या देशाने १९८३ मध्ये आपल्या घटनेत दुरुस्ती करून न जन्मलेल्या जिवाचा व त्याच्या आईचा जगण्याचा हक्क समान मानला. २०१२ च्या ऑक्टोबरात त्या देशातील गॉलवे शहरी मूळची बेळगावची, दंतवैद्यकी करणारी एक ३१ वर्षांची स्त्री रुग्णालयात दाखल झाली. तिला सतरावा आठवडा चालू होता. गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांस कळले होते. तिने व तिच्या पतीने गर्भ काढावा अशी विनंती केली. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, म्हणून कायद्याच्या भयाने ती मानली गेली नाही. जंतुदोष रक्तात पसरला. गर्भ गेला आणि काही दिवसांत तीही गेली. समान हक्क लिहून ठेवलेल्या घटनेने दोघांपैकी एकालाही वाचवले नाही. मे २०१८ मध्ये त्या देशाच्या जनतेने सुमारे दोनतृतीयांश मतांनी ते कलम काढून टाकले.

'पुढचे देवाच्या हाती' हे माझे वाक्य आणि त्या रुग्णालयातील वाट पाहणे यांत जातीचा फरक नव्हता, हे मला ती हकिकत वाचताना कळले. फरक असलाच तर एवढाच, की माझे वाक्य त्या माउलीने मानले नाही. आईचा जीव जात असताना स्वस्थ बसणे हीही एक कृती आहे आणि तिचेही फल आहे. ज्याला वाचवता येत नाही त्याच्या नावाने ज्याला वाचवता येते त्याला मरू देणे, यास अहिंसा म्हणता येणार नाही.

जिवावर बेतलेले नसताना

येथपर्यंत बहुतेक वाचक माझ्याशी सहमत होतील. १८६० च्या दंड संहितेनेही आईचा जीव वाचवण्यासाठी केलेला गर्भपात अपराध मानला नव्हता. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा याच्या पुढे गेला. आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्यास गंभीर इजा, बलात्कार, मुलाच्या ठायी गंभीर व्यंगाची शक्यता, गर्भनिरोधकाचे अपयश, ही कारणेही त्याने मानली. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी २० आठवड्यांची मर्यादा २४ वर नेली. खरी कठीण भूमी येथून पुढे लागते.

योगायोग असा, की त्याच १९७१ साली जुडिथ जार्विस थॉमसन या अमेरिकी विदुषीने या विषयावरचा फार गाजलेला निबंध लिहिला. तिने गर्भ ही व्यक्ती आहे हे वादापुरते मान्य केले आणि एक दृष्टांत मांडला. तुम्ही सकाळी जागे होता तो तुमच्या शेजारी एक थोर व्हायोलिनवादक बेशुद्ध पडलेला आहे. त्याचे मूत्रपिंड निकामी झाले आहे, आणि त्याच्या चाहत्यांनी तुम्हाला रात्री पळवून आणून तुमचे रक्त त्याच्या शरीरातून फिरवले आहे. तुम्ही नळी काढली तर तो मरेल. नऊ महिने तसेच राहिलात तर बरा होईल. तसे राहणे हा तुमचा मोठेपणा होईल, परंतु तुमच्यावर तशी सक्ती करता येईल काय? तिचे म्हणणे असे, की जगण्याच्या हक्कात दुसऱ्याचे शरीर वापरण्याचा हक्क येत नाही. तिने हेही प्रामाणिकपणे म्हटले आहे, की क्षुल्लक सोयीसाठी नकार देणे हे अशोभनीयच ठरेल, आणि नळी काढण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याच्या मरणाची मागणी करण्याचा हक्क नव्हे.

या दृष्टांतावर आक्षेप घेणे सोपे आहे. वादक परका आहे, गर्भ पोटचा आहे. बहुधा तो बळजबरीने आलेला नाही. नळी काढणे आणि प्रत्यक्ष घात करणे यांत अंतर आहे. हे सर्व आक्षेप मला पटतात. तरीही एक काटा राहतोच. १९७८ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे रक्ताच्या असाध्य रोगाने आजारी असलेल्या एका मनुष्यास अस्थिमज्जेची गरज होती. ती त्याच्या चुलतभावाचीच जुळत होती आणि त्याने देण्याचे नाकारले. न्यायाधीशाने हा नकार नैतिक दृष्ट्या निंद्य आहे असे स्पष्ट म्हटले, परंतु एकाच्या शरीरातून बळाने काढून दुसऱ्यास देण्याचा हुकूम देण्यास नकार दिला. रोगी थोड्याच दिवसांत वारला. निंद्य असणे आणि सक्तीने करवून घेण्याजोगे असणे, या दोन गोष्टींतील अंतर त्या निवाड्याने दाखवले.

आणि आम्हा संन्याशांना आणखी एक गोष्ट बोचली पाहिजे. 'संबंध आहे म्हणून भार वाहा' असे गृहस्थ स्त्रीस सांगणारा मी कोण? मी तर आई, बाप, घर, शेत असे सर्व संबंध टाकून अनुसरलो. ते परमेश्वरप्राप्तीसाठी टाकले, हे खरे; परंतु माझ्या वाट्याचा भार त्या दिवसापासून दुसऱ्या कोणी तरी वाहिला, हेही खरे.

ससा आणि मांडी

लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा सर्वांस ठाऊक आहे. पारध्यांनी कुत्री सोडली, भ्यालेला ससा धावत येऊन स्वामींच्या आसनी दडला, पारध्यांनी तो मागितला, स्वामींनी शरण आलेल्यास सोडले नाही. ही लीळा गर्भाच्या रक्षणासाठी पुष्कळ वेळा सांगितली जाते. तीही योग्यच आहे. गर्भाइतका अगतिक शरणागत दुसरा कोण?

परंतु लीळा पुन्हा वाचावी. स्वामींनी आश्रय दिला तो स्वतःच्या मांडीखाली. दुसऱ्या कोणास 'तू याला आश्रय दे' असे सांगून ते पुढे निघून गेले नाहीत. कुत्री आणि पारधी यांच्यासमोर ते स्वतः बसून राहिले. आणि पारध्यांशीही ते कठोर बोलले नाहीत, त्यांना समजावले.

आम्ही काय करतो? आश्रय द्यावयाचा तो गर्भिणीने, उपदेश द्यावयाचा तो आम्ही. फसवल्या गेलेल्या मुलीस पोटातला जीव राख म्हणून सांगताना तिला राहण्यास जागा, खाण्यास अन्न, आणि त्या मुलाला लावण्यास नाव यांची सोय आपल्यापैकी किती जणांनी केली आहे? जिच्यावर बळजोरी झाली तिच्याकडे गाव ज्या नजरेने पाहते ती नजर बदलण्यासाठी किती निरूपणे झाली? स्त्रीला मोक्षाचा पूर्ण अधिकार देणाऱ्या, तिच्या मासिक धर्माचा विटाळ न मानणाऱ्या स्वामींच्या मार्गात तिचा देह केवळ गर्भाचे भांडे म्हणून मोजता येत नाही. तीही जीव आहे, आणि तोही मुक्तीस पात्र जीव आहे.

शंका : मग आपण गर्भपातास संमती देता काय?

समाधान : नाही. ती हिंसा आहे, हे पहिल्याच प्रकरणात मान्य केले आहे आणि ते मागे घेतलेले नाही. विचारणाऱ्या स्त्रीस मी आजही 'शक्य असेल तर राख' असेच सांगेन. परंतु व्रत हे स्वतः घ्यावयाचे असते. दुसऱ्याच्या देहावर बळाने लादलेले व्रत हे व्रत राहत नाही. म्हणून सांगण्याआधी तिचे शेवटपर्यंत ऐकून घेईन, सांगितल्यावर तिचा भार कोण उचलणार याची विचारपूस करीन, आणि तिने निराळा निर्णय केला तरी तिच्यासाठी निरूपणाचे दार बंद होऊ देणार नाही.

कंसाचे आत्मरक्षण

आता जे गर्भपात आपल्या गावांत खरोखर पुष्कळ झाले त्यांच्याकडे वळू. गर्भाला शत्रू मानून आत्मरक्षणाची भाषा प्रथम कोणी केली? कंसाने केली. देवकीचा आठवा गर्भ आपला काळ आहे असे त्याने ऐकले आणि ज्याने अजून काहीच केलेले नाही त्याच्या भयाने बहिणीला बंदीत टाकले. अश्वत्थाम्याने पांडववंशाच्या द्वेषाने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले आणि श्रीकृष्ण महाराजांनी तो गर्भ राखला. या दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. घात करणारा बाहेरचा आहे. आई आणि गर्भ हे एका बाजूस आहेत.

मुलगी आहे असे कळताच गर्भ पाडवणारे घर याच जातीचे आहे. हुंड्याचे भय, वंश बुडण्याचे भय, वाटणीचे भय. हे सर्व पुढे येणारे, कल्पिलेले भय, आणि त्यापासून 'स्वतःचे रक्षण' म्हणून न जन्मलेल्या मुलीचा घात. सून रडते, तिचा निर्णय कोणी विचारत नाही, आणि पाप मात्र तिच्या पोटी लिहिले जाते. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगचाचणीविरुद्ध कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये केला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रातील मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. स्वामींच्या पावलांनी पावन झालेल्या मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात ती २०११ साली ८०७ होती. अहिंसेचे व्रत सांगणारे आम्ही त्याच गावांतून हिंडत होतो, त्याच घरांतून भिक्षा घेत होतो. मरणाऱ्या सुनेसाठी विचारणाऱ्या सासूस मी एका वाक्यात हिंसा सांगितली. तिसऱ्या मुलीच्या वेळी 'तालुक्याला जाऊन आलो' एवढेच सांगणाऱ्या घरी मात्र पुढे काही न विचारता मी भिक्षापात्र पुढे केले आहे. माझ्या अहिंसेचा हा हिशेब आहे.

दुसऱ्या दिवशी ती माउली आली. मी तिला बसवले आणि आदल्या वर्षी जे विचारावयास हवे होते ते विचारले. सुनेला चालताना दम किती लागत होता, डॉक्टरांनी नेमके काय सांगितले, मुलगा काय म्हणाला, सून काय म्हणाली. तिने सर्व सांगितले; सांगण्यास तासभर लागला. मग मी म्हणालो, "आई, तुम्ही एका जिवाला जाऊ दिले नाही. जो गेला तो कोणाच्या वैराने गेला नाही. त्याच्यासाठी वाईट वाटते, ते वाटू द्या, त्याच्या नावे देवाचे स्मरण करा. याहून वेगळे प्रायश्चित्त मी सांगणार नाही." ती म्हणाली, "मग गेल्या वर्षी तसे का म्हणालात, बाबा?"

मी म्हणालो, "ऐकले नव्हते म्हणून. त्याचे प्रायश्चित्त माझ्याकडे आहे." ते प्रायश्चित्त मी माझ्या गुरुवर्यांकडून मागून घेतले. त्यांनी जे दिले ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्यांतील एक भाग असा होता, की यापुढे कोणा स्त्रीने जिवाचा प्रश्न विचारला, तर उभ्याने उत्तर देऊ नये.

ज्ञात्यांनी या लेखातील न्यूनाधिक दाखवावे. सर्वांस दंडवत प्रणाम.